वाचकांचे प्रश्न : अंधांसाठीचा मुक्तस्रोत स्क्रीन रीडर कसा घडतो?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवतीची आहेत. अंध व्यक्ती ज्याच्या आधारे संगणक वापरतात तो स्क्रीन रीडर नेमका कसा चालतो, मुक्तस्रोत पद्धतीने, म्हणजे स्रोत सर्वांना खुला ठेवून, तो कोण घडवते आणि त्या कामात नव्या माणसाने कुठून शिरावे, असे हे प्रश्न आहेत. म्हणून इतर विषयांची पत्रे पुढच्या अंकासाठी राखून ठेवली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे. स्क्रीन रीडर पडद्यावरचे चित्र टिपतो आणि त्यातली अक्षरे ओळखून वाचतो, अशी माझी समजूत होती. परंतु माझ्या एका अंध सहाध्यायाने पडदा पूर्ण बंद ठेवून सगळे काम करून दाखवले. मग स्क्रीन रीडर वाचतो तरी काय?

उत्तर : आपल्या सहाध्यायाने दाखवले त्यातच उत्तर आहे. नाव काहीही सांगो, आजचा स्क्रीन रीडर पडदा वाचत नाही. पडद्यावर जे मांडले आहे त्याच्यामागची रचना तो वाचतो.

पूर्वी मात्र तो खरोखरच पडदा वाचत असे. विंडोजपूर्वीच्या डॉस या प्रणालीच्या काळात पडदा म्हणजे 80 रकाने आणि 25 ओळींचा तक्ता होता आणि प्रत्येक चौकटीतले अक्षर संगणकाच्या स्मृतीत अक्षर म्हणूनच साठवलेले असे. स्मृतीचा तो भाग वाचून आवाजयंत्राकडे पाठवला की मुख्य काम होत असे. आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी 1980 च्या दशकाच्या मध्यास डॉससाठी केलेला स्क्रीन रीडर याच काळातला. पुढे खिडक्या, चिन्हे आणि माउस आले, अक्षरांचे ठिपके झाले आणि स्मृतीत वाचण्यासारखे काही उरले नाही. त्यावर काढलेला पहिला तोडगा मोठ्या खटपटीचा होता. प्रत्येक आज्ञावली 'इथे हे अक्षर काढ, तिथे ही रेघ ओढ' अशा ज्या सूचना चित्रप्रणालीला देते, त्या मध्येच अडवून त्यांच्यावरून पडद्याची एक समांतर नोंदवही ठेवायची, असा तो उपाय होता. तो चालत असे, पण पडद्यावर आयत दिसला म्हणजे ते बटण आहे की नुसती सजावट, हे त्या नोंदवहीला कळत नसे.

म्हणून वेगळा मार्ग आला. आपल्या खिडकीत काय काय आहे, हे आज्ञावलीनेच एका ठरलेल्या बोलीत सांगावे, असे ठरले. मायक्रोसॉफ्टने 1997 मध्ये अशी पहिली व्यवस्था आणली, नंतर यूआय ऑटोमेशन आले, 2006 मध्ये आयबीएमच्या पुढाकाराने आय-ॲक्सेसिबल-टू हा खुला संकेत तयार झाला आणि लिनक्सच्या जगात एटी-एसपीआय रूढ झाले. या सगळ्यांची मूळ कल्पना एकच आहे. खिडकीतल्या घटकांचा एक वृक्ष असतो आणि त्यातल्या प्रत्येक घटकाला नाव, भूमिका, अवस्था आणि गरज असेल तिथे मूल्य असते.

एक क्षण जवळून पाहू. एखाद्या अर्जात आपण टॅब कळ दाबतो आणि लक्ष 'माहितीपत्रक पाठवावे' या चौकटीवर जाते. आज्ञावली 'लक्ष बदलले' अशी घटना जाहीर करते. ती मिळताच स्क्रीन रीडर त्या घटकाला विचारतो, तुझे नाव काय, तू कोण, तुझी अवस्था काय? उत्तरे येतात : 'माहितीपत्रक पाठवावे', 'चेक बॉक्स', 'चेक केलेले नाही'. आधीचे बोलणे अर्ध्यावर तोडून स्क्रीन रीडर हे तीन तुकडे एका ओळीत रचतो आणि आवाजयंत्राकडे व जोडलेले असल्यास ब्रेल पटलाकडे, म्हणजे बोटांनी वाचण्याची ब्रेल अक्षरे उमटवणाऱ्या उपकरणाकडे, पाठवतो. वापरणाऱ्याने स्पेस दाबली की पुन्हा घटना येते, परंतु या वेळी फक्त 'चेक केलेले' एवढेच बोलायचे असते, कारण चौकटीचे नाव त्याने आताच ऐकलेले आहे. काय बोलायचे याइतकेच काय बोलायचे नाही हे ठरवण्यात स्क्रीन रीडर घडवणाऱ्यांची बुद्धी खर्च होते. हा सगळा व्यवहार कळ दाबल्यानंतर इतक्या झटपट व्हावा लागतो की ऐकणाऱ्याला आपण वाट पाहिली असे वाटू नये.

यातून निघणारी एक गोष्ट पुढच्या सर्व उत्तरांना लागू आहे. त्या घटकाने 'माझे नाव काही नाही' असे सांगितले तर स्क्रीन रीडर नुसते 'बटण' म्हणतो आणि थांबतो. तो खोटे बोलत नाही, त्याला कोणी काही सांगितलेलेच नसते. 'स्क्रीन रीडर वाचत नाही' म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याचशा तक्रारींचे मूळ असे समोरच्या आज्ञावलीत असते.

प्रश्न : आता विंडोज, मॅक आणि मोबाइल यांच्यासोबत स्क्रीन रीडर आयता मिळतो. विकतचेही चांगले आहेत. मग मुक्तस्रोत स्क्रीन रीडरसाठी एवढे कष्ट कशाला घ्यायचे?

उत्तर : प्रश्न रास्त आहे, पण थोडा इतिहास पाहिला तर त्याचा रोख बदलतो. विंडोज 2000 सोबत नॅरेटर आला तेव्हा तो इतका तोकडा होता की पूर्ण दिवसाचे काम त्यावर करणे कठीण होते. मॅकमध्ये व्हॉइसओव्हर 2005 मध्ये आला. त्या काळात विंडोजवर गंभीरपणे काम करायचे तर महागडा स्क्रीन रीडर विकत घ्यावा लागे आणि डोळस माणसाला जो संगणक एका किमतीत मिळे तोच अंध माणसाला त्याहून कितीतरी जास्त किमतीत पडे. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एनव्हीडीए हा विंडोजसाठीचा मुक्तस्रोत स्क्रीन रीडर लिहायला सुरुवात केली, जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला आणि 2007 मध्ये त्यांनी एनव्ही ॲक्सेस ही ना-नफा संस्था स्थापन केली. लिनक्सवर त्याच 2006 साली ग्नोम या खिडक्या-चिन्हांच्या वातावरणाच्या 2.16 या आवृत्तीत ऑर्का हा स्क्रीन रीडर आला. तोही मुख्यतः पायथनमध्येच लिहिलेला आहे.

फुकट मिळणे ही यातली लहान बाब आहे, असे माझे मत आहे. मोठी बाब दुरुस्तीची आहे. आधीच्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे दोष स्क्रीन रीडरमध्ये, समोरच्या आज्ञावलीत किंवा दोघांमधल्या दुव्यात, कुठेही असू शकतो. स्क्रीन रीडर बंद पेटीत असेल तर दोष नेमका कुठे आहे हे बाहेरच्या माणसाला शोधताच येत नाही. मुक्तस्रोतात मात्र साखळीची प्रत्येक कडी उघडून पाहता येते आणि माणसेही एका कडीवरून दुसरीवर जातात. जेम्स तेह पुढे फायरफॉक्स हा ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलामध्ये गेले आणि फायरफॉक्समधला स्क्रीन रीडरला माहिती पुरवणारा सुलभतेचा गाभा नव्याने बांधण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. आधुनिक ब्राउझर सुरक्षिततेसाठी प्रत्येक पान वेगळ्या प्रक्रियेत, म्हणजे एकमेकांपासून अलग ठेवलेल्या कप्प्यात, चालवतो. त्यामुळे स्क्रीन रीडरच्या प्रत्येक प्रश्नाला प्रक्रियांच्या भिंती ओलांडून उत्तर आणावे लागत होते आणि मोठी पाने रखडत होती. नव्या रचनेत पानाचा वृक्ष मुख्य प्रक्रियेतच साठवून ठेवला जातो आणि उत्तर जागेवर मिळते. ही रचना मे 2023 च्या 113 व्या आवृत्तीत सर्वांना मिळाली. ज्याने स्क्रीन रीडर लिहिला त्यालाच ब्राउझरने काय द्यायला हवे ते नेमके ठाऊक होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑर्काचे काम सन मायक्रोसिस्टिम्सच्या सुलभता विभागातून होत असे. 2010 मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेल्यानंतर त्या विभागाचे बळ घटले आणि ऑर्काची देखभाल जोनमेरी डिग्ज यांनी पुढे चालवली. एवढ्या महत्त्वाच्या प्रणालीचा भार दीर्घकाळ प्रामुख्याने एका व्यक्तीच्या खांद्यावर राहावा, ही मुक्तस्रोत जगाला भूषणावह गोष्ट नाही. स्रोत खुला असला म्हणजे माणसे आपोआप गोळा होतात, हा समज या क्षेत्रात तरी खरा ठरलेला नाही.

प्रश्न : मला पायथन चांगले येते. सुटीच्या दोन महिन्यांत स्वतःचा स्क्रीन रीडर लिहून तो खुला करावा असा विचार आहे. कुठून सुरुवात करू?

उत्तर : उत्साहाचे स्वागत आहे, पण नवा स्क्रीन रीडर लिहू नका. लक्ष बदलले की नाव बोलणारी आज्ञावली आठवडाभरात तयार होईल आणि तिचे प्रात्यक्षिकही देखणे होईल. अडचण त्यानंतर सुरू होते.

नुसते वेबपान घ्या. पान वाचताना बाणाच्या कळांनी ओळीओळीने जाता यावे, एच दाबल्यावर पुढच्या शीर्षकावर आणि के दाबल्यावर पुढच्या दुव्यावर पोहोचता यावे, असे वापरणाऱ्याला हवे असते. परंतु लिहिण्याच्या चौकटीत तोच एच अक्षर म्हणून उमटला पाहिजे. म्हणून ब्राउझ मोड आणि फोकस मोड असे दोन प्रकार ठेवावे लागतात आणि कधी कशात जायचे याचे असंख्य बारीक निर्णय घ्यावे लागतात. शिवाय पानावर काही हजार घटक असतात आणि प्रत्येकाला बाहेरून एकेक प्रश्न विचारत बसले तर पान ऐकू येईपर्यंत वापरणारा कंटाळून जाईल. म्हणून एनव्हीडीएचा काही भाग पायथनमध्ये नसून सी प्लस प्लसमध्ये आहे. तो ब्राउझरच्या प्रक्रियेच्या आत शिरून पानाची सपाट प्रत तिथेच तयार करतो. याखेरीज वर्ड, एक्सेल, टर्मिनल, ब्रेल पटले आणि सुरक्षेसाठी विंडोज जो वेगळा पडदा उघडते तो, यांतली एकेक बाब हे एकेका वर्षाचे काम आहे. आणि ते कधी संपत नाही. एनव्हीडीएने 2019.3 या आवृत्तीत पायथन 2 सोडून पायथन 3 स्वीकारले, तेव्हा जगभरच्या लोकांनी लिहिलेली पुरवणी प्रोग्रामे, म्हणजे ॲड-ऑन, त्यांनाही नव्याने जुळवून घ्यावे लागले होते.

आपल्या दोन महिन्यांना साजेसे काम ॲड-ऑनचे आहे. आपल्या ओळखीची अंध व्यक्ती रोज वापरत असलेली आणि नीट न बोलणारी एक आज्ञावली निवडा. तिच्यातल्या चार-पाच बटणांना नाव नाही असे समजू. एनव्हीडीएमध्ये अशा आज्ञावलीसाठी स्वतंत्र ॲप मॉड्यूल लिहिता येते. पायथनची एक फाइल करायची आणि त्या आज्ञावलीच्या फाइलचे जे नाव तेच हिला द्यायचे. ती आज्ञावली पुढे आली की एनव्हीडीए ही फाइल आपणहून उचलतो. तिच्यात नवा घटक तयार होतानाच्या क्षणी हस्तक्षेप करून 'या ओळखक्रमांकाचे बटण असेल तर त्याचे नाव "जतन करा" असे समज' असे सांगणाऱ्या मोजक्या ओळी लिहायच्या. घटकाचा ओळखक्रमांक, भूमिका, त्याचा पालक कोण ही सगळी माहिती त्या घटकावर असताना एनव्हीडीए कळीसोबत एफ1 दाबले की एनव्हीडीएच्या स्वतःच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, दिसते. एनव्हीडीए कळ म्हणजे सामान्यतः इन्सर्ट, किंवा तसे ठरवले असल्यास कॅप्स लॉक.

हे जमले की त्याच दोषाची माहिती त्या आज्ञावलीच्या कर्त्यांनाही कळवा, कारण आपण घातलेले नाव फक्त एनव्हीडीएपुरते आणि फक्त त्या आवृत्तीपुरते आहे. मूळ दुरुस्ती त्यांच्याकडे झाली की सर्वच स्क्रीन रीडरांना ती मिळते आणि आपले मॉड्यूल निवृत्त करता येते. आपले काम अनावश्यक ठरावे अशी इच्छा धरण्याची सवय या क्षेत्रात उपयोगी पडते.

प्रश्न : मराठी वाचन इतके यांत्रिक का वाटते? माझा भाऊ तोच रुक्ष आवाज मुद्दाम ठेवतो, नैसर्गिक आवाज त्याला नको असतो. याचे कारण कळेल का? मी भाषेची शिक्षिका आहे, मला प्रोग्रामिंग येत नाही.

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत. भावाच्या आवडीचे कारण वेग हे आहे. आपण बोलतो ते साधारण मिनिटाला दीडशे शब्दांच्या आसपास असते. सराव झालेले अनेक अंध वापरकर्ते मिनिटाला 400 शब्दांच्या पुढेही ऐकतात. ईस्पीक एनजी हा मुक्तस्रोत आवाज ध्वनी मुख्यतः गणिताने घडवतो, माणसाच्या बोलण्याच्या ध्वनिमुद्रणाचे तुकडे जोडून बोलत नाही. त्यामुळे तो आकाराने लहान आहे, कळ दाबताच बोलू लागतो आणि वेग वाढवला तरी व्यंजने एकमेकांत मिसळत नाहीत. नैसर्गिक आवाज कादंबरी ऐकायला उत्तम असतात, पण दिवसभर यादीतून वरखाली करताना प्रत्येक नोंदीआधी येणारी किंचित उसंतही जड होते. डोळस माणूस भराभर नजर फिरवतो, आपले बंधू भराभर ऐकतात.

मराठी उच्चारांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि तिथे आपल्यासारख्यांची खरी गरज आहे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार जवळजवळ एकच, असे आपण सहज म्हणतो. यंत्राला शिकवायला बसले की ते तसे नाही हे कळते. 'समज' म्हणताना आपण 'म' पूर्ण उच्चारतो, पण 'समजा' म्हणताना तो पाय मोडल्यासारखा होतो. 'चार' मधला 'च' आणि 'चारा' मधला 'च' वेगळे आहेत, लिहिताना मात्र एकच. 'जग सुंदर आहे' आणि 'शंभर वर्षे जग' या दोन वाक्यांत तर शब्दही हुबेहूब तोच आहे आणि वाक्याचा अर्थ लागल्याशिवाय 'ज' कोणता हे ठरत नाही. आकड्यांचे पाहा. मराठीत शंभरापर्यंतचे बहुतेक आकडे नियमाने बनवता येत नाहीत, पंचेचाळीस, एकोणपन्नास, त्रेसष्ट असे एकेक नाव यादीतच द्यावे लागते.

ईस्पीक एनजीमध्ये मराठी आहे. तिची घडण साध्या मजकुराच्या दोन फाइलींत दिसते. एकीत अक्षरांवरून उच्चार काढण्याचे नियम असतात आणि दुसरीत अपवादांची व आकड्यांची यादी. त्या उघडण्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही. चुकीचे उच्चारले जाणारे शब्द रोजच्या वापरात टिपून, ते कसे उच्चारायला हवेत याची नोंद करून आणि शक्य तिथे त्यामागचा नियम सांगून आपण पाठवले, तर त्यांचे यंत्राच्या लिपीत रूपांतर करणारे कोणी ना कोणी मिळते. मिळत नाही तो भाषेचा कान असलेला माणूस. ब्रेलच्या बाबतीतही असेच आहे. अनेक स्क्रीन रीडर ज्यावर अवलंबून आहेत त्या लिबलुई या मुक्तस्रोत संग्रहात मराठीची तालिका आहे आणि तीही साध्या मजकुरातच लिहिलेली आहे.

आणखी एक बाब मराठी लेखकांनी आणि संकेतस्थळे चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मराठी, हिंदी आणि नेपाळी यांची लिपी एकच असल्याने मजकूर पाहून भाषा ओळखणे यंत्राला अवघड जाते. पानाने आपली भाषा मराठी आहे हे स्रोतात स्पष्ट सांगितलेले नसेल, तर 45 हा आकडा वाचणाऱ्याच्या यंत्रातला जो नेहमीचा आवाज असेल त्याच्याच भाषेत ऐकू येतो. ही घोषणा एका ओळीची आहे आणि तरीही कितीतरी मराठी पानांवर ती नसते किंवा साच्यासोबत आलेली इंग्रजीचीच घोषणा तिथे तशीच राहून गेलेली असते.

लिहितानाचा प्रश्न तर बोलण्यापेक्षाही चिवट आहे. 'क्षि' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर, परंतु संगणकाच्या स्मृतीत क, हलन्त, ष आणि इकार असे चार संकेत. बाणाच्या कळीने सरकताना बहुतेक ठिकाणी हे चारही एका उडीत ओलांडले जातात, बॅकस्पेस दाबल्यावर मात्र एकेक संकेत पुसला जातो. आता पुसले गेले ते काय, हे स्क्रीन रीडरने नेमके बोलले नाही तर लिहिणाऱ्याला आपल्या शब्दाची अवस्था कळत नाही. शुद्धलेखनाविषयी आग्रही असलेल्या अंध लेखकाला हा त्रास रोज होतो.

प्रश्न : आता कृत्रिम बुद्धिमत्ता पडद्याचे चित्र पाहून सगळे सांगू शकते. मग ही जुनी खटपट टाकून देता येणार नाही का?

उत्तर : माझ्या मते येणार नाही, निदान मुख्य कामासाठी तरी नाही. चित्राचे वर्णन, छायाप्रतीतला मजकूर, नाव नसलेल्या चिन्हाविषयीचा अंदाज यांसाठी हे तंत्र अतिशय उपयोगी आहे. एनव्हीडीएतही विंडोजची अक्षरओळख एनव्हीडीए कळीसोबत आर दाबून फार पूर्वीपासून वापरता येते. परंतु चित्रावरून मिळतो तो अंदाज. रचनेतून मिळते ती माहिती. यादीत 40 नोंदी आहेत आणि आपण सातवीवर आहोत, हे पडद्याबाहेर गेलेल्या नोंदी न दिसणाऱ्या यंत्राला कळणार नाही. शिवाय दर कळीमागे चित्र पाहून विचार करण्याइतका वेळ वापरणाऱ्याकडे नसतो, आणि बँकेचा पडदा दूरच्या सर्व्हरवर पाठवण्याची तयारी प्रत्येकाची असेल असेही नाही. या तंत्रामुळे आज्ञावली लिहिणाऱ्यांना 'बटणांना नावे नसली तरी चालेल' असे वाटू लागले, तर मात्र नुकसान होईल.

प्रश्न : मी अंध आहे, कार्यालयात एनव्हीडीए वापरतो. प्रोग्रामर नाही. दोष दिसतात, पण कळवूनही पुढे काही होत नाही असा अनुभव आहे. काय करावे?

उत्तर : या प्रकल्पांना सर्वांत जास्त गरज आपल्यासारख्यांची आहे, कारण दिवसाचे आठ तास स्क्रीन रीडर ऐकणाऱ्याला जे जाणवते ते चाचणीसाठी अर्धा तास ऐकणाऱ्याला जाणवत नाही. पण दोष कळवण्याची एक रीत आहे आणि ती पाळली नाही तर चांगली तक्रारही पडून राहते.

'तक्त्यात नीट वाचत नाही' एवढ्यावरून समोरच्याला काहीच करता येत नाही. 'अमुक आवृत्तीच्या एक्सेलमध्ये नवी फाइल उघडली, पहिल्या ओळीत दोन घरे एकत्र केली, उजवा बाण दाबला. एकत्रित घराचा पत्ता ऐकू येईल अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात शांतता होती' असे लिहिले तर दुसऱ्या खंडातला माणूस आपल्या यंत्रावर तेच करून पाहू शकतो. पायऱ्या, अपेक्षा, प्रत्यक्ष, आणि एनव्हीडीए, विंडोज व ती आज्ञावली या तिन्हींच्या आवृत्त्या एवढे हवेच. त्याआधी एनव्हीडीए बंद करण्याच्या खिडकीतून 'ॲड-ऑनशिवाय पुन्हा सुरू करा' हा पर्याय घेऊन दोष तसाच राहतो का ते पाहा. तो नाहीसा झाला तर तक्रार एखाद्या ॲड-ऑनच्या कर्त्याकडे जायला हवी. सोबत नोंदवहीची फाइल जोडा, मात्र तपशीलवार नोंदवहीत आपण दाबलेल्या कळा आणि ऐकलेला मजकूर येऊ शकतो, म्हणून ती खाजगी कागदपत्रे उघडी असताना घेऊ नका.

एवढे करूनही उत्तर लवकर येत नाही हे खरे आहे. काम करणारे थोडे आणि नोंदी हजारोंनी आहेत. आपला दोष आधीच कोणी नोंदवला आहे का ते शोधून तिथेच आपली जास्तीची माहिती घातली तर नवी नोंद करण्यापेक्षा उपयोग अधिक होतो.

प्रश्न : आमची लहान कंपनी एनव्हीडीएमध्ये बदल करून तो ग्राहकांना विकू इच्छिते. परवानगी आहे का?

उत्तर : आहे. एनव्हीडीएचा परवाना जीपीएल आवृत्ती 2 हा आहे आणि तो विक्रीला मनाई करत नाही. अट अशी की ज्याला प्रत द्याल त्याला आपल्या बदलांसकट स्रोत त्याच परवान्याखाली मिळाला पाहिजे. बदल गुप्त ठेवून प्रत वाटता येणार नाही. व्यवहार म्हणून पाहिले तरी ते बदल मूळ प्रकल्पाला देणेच सोयीचे, नाहीतर दर नव्या आवृत्तीला ते पुन्हा बसवण्याचा खर्च आपल्यालाच येईल.

प्रश्न : मी डोळस आहे आणि संकेतस्थळे बनवते. स्क्रीन रीडर लावून मी स्वतः चाचणी केली तर पुरेल का?

उत्तर : करावी, पण पुरणार नाही. सुरुवातीला एनव्हीडीएतील स्पीच व्ह्यूअर उघडा. बोलले जाणारे सर्व त्यात लिहून येते, त्यामुळे आवाजाची सवय नसली तरी आपले बटण नुसते 'बटण' म्हणून वाचले जात आहे हे लगेच दिसेल. एनव्हीडीए कळीसोबत 1 दाबले की कोणती कळ काय करते ते कळ प्रत्यक्ष न चालता ऐकता येते. चाचणीत सापडणाऱ्या दोषांपैकी पुष्कळ एकाच कारणाचे असतात. साधे बटण वापरण्याऐवजी एखाद्या रिकाम्या चौकटीला रंग देऊन तिला बटणाचे रूप दिलेले असते आणि ब्राउझरला ते बटण असल्याचे कोणी सांगितलेलेच नसते. 2014 मध्ये पक्क्या झालेल्या वाय-एरिया या संकेताने अशा चौकटीला भूमिका देता येते, पण मूळचेच बटण वापरले तर त्याची गरज पडत नाही आणि एंटर व स्पेस या कळाही आपोआप चालतात. चुकीची भूमिका दिलेला घटक भूमिका नसलेल्या घटकापेक्षा अधिक फसवतो, हेही लक्षात ठेवावे.

पुरणार नाही याचे कारण असे की आपण पान पाहिलेले आहे. कुठे काय आहे हे ठाऊक असताना टॅब दाबत त्या जागी पोहोचणे आणि काहीच ठाऊक नसताना शीर्षकांवरून उड्या मारत पानाचा अंदाज बांधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पडदा काळा करून ही माहिती डोक्यातून पुसली जात नाही. म्हणून अंतिम चाचणीसाठी रोज स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती घ्या आणि तिच्या वेळेचे रीतसर मानधन द्या. तिला 'हे पान पाहा' असे न सांगता एक ठरावीक काम द्या, जसे नोंदणी करणे किंवा पत्ता बदलणे, आणि ती अडखळेल तिथे लगेच मदत न करता पुढे ती कोणती कळ दाबते ते टिपून ठेवा.